सगुणेचा बेलभंडारा

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. लहान मुलं निरोगी आणि सुखरूप कशी वाढवावीत, यावर तुमच्या नोकरीतल्या अनुभवाचे चार शब्द आईबापांसाठी लिहा, असं त्यांचं म्हणणं. वाचून मला हसू आलं. चार शब्दच हवे असतील तर ते मी नोकरीच्या पहिल्या दिवशीसुद्धा लिहून दिले असते. नाळ उकळलेल्या कात्रीनं कापा, वर शेण-राख लावू नका. पहिला चीक पिळून टाकू नका, तो बाळाला पाजा. पाणी गाळून, उकळून द्या. देवी टोचून घ्या. चुलीपासून आणि विहिरीपासून लेकरू लांब ठेवा. बाळाला अफू देऊ नका. झालं. एवढं सांगायला पाव तास पुरतो. मी मात्र तेच सांगत अठ्ठावीस वर्षं हिंडले, आणि त्यातली पहिली काही वर्षं चुकीच्या पद्धतीनं सांगितलं. ते कसं, हे लिहिलं तर वाचणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडेल, असं मला वाटतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. आमचं शिक्षण नागपूरला व्हायचं, हुकूम नागपूरहून यायचे, आणि तिथून आलेले कागद पेटीत घालून आम्ही बुलढाण्याच्या आसपासची खेडी बैलगाडीनं पालथी घालायचो. माझ्या हुद्द्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. गावात मला नर्सबाई म्हणत, आणि मी रागावून गेले की मागून काटेवाली बाई. माझं माहेर मेहकरचं, तेव्हा इथली बोली मला परकी नव्हती. पण नागपूरच्या दोन वर्षांत माझी जीभ धुऊनपुसून स्वच्छ झाली होती आणि गावात मी त्या स्वच्छ जिभेनंच बोलायची. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मला वाटायचं, लाजताहेत.

काटेवाली म्हणायचं कारण म्हणजे माझ्या पेटीतला काटा. कात्री, दोरा, बोरिक पावडर, एरंडेल, डोळ्यांत घालायचे थेंब, विहिरीत टाकायच्या लाल औषधाच्या पुड्या, यांच्याबरोबर आकडीला टांगायचा एक काटा असे. त्याला कापडाची झोळी. झोळीत बाळ ठेवायचं, वजन वहीत लिहायचं आणि पुढच्या महिन्यात वाढलं की घटलं ते बघायचं. आईच्या डोळ्याला जे दिसत नाही ते काट्याला आधी दिसतं. कामाचं सगळं मर्म त्यात होतं. पण देऊळघाटला माझ्या वहीची पानं तीन महिने कोरी राहिली. एकही बाई लेकरू झोळीत ठेवू देईना.

"कापूस तोलते, गूळ तोलते," एक म्हातारी मला म्हणाली. "लेकराले कोनी तोलते काय बाई? वाळून जाईन ना थे."

हा गुंता सोडवला रहीमन खालानं. ही देऊळघाटची सुईण. पिंजाऱ्याच्या घरातली, साठी उलटलेली, निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. म्हणून हिंदू काय अन मुसलमान काय, सगळे तिला खालाच म्हणत, म्हणजे मावशी. नागपूरच्या पत्रकात अशा बायांसाठी 'अडाणी दाई' असा शब्द होता आणि त्यांच्यापासून आयांना सावध करावे, असं एक कलम होतं. मी पहिल्याच दिवशी ते कलम तिला तिच्याच ओसरीवर बसून वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, चहा घेता का?"

तर खाला म्हणाली, "झोळीत आधी वंजळभर ज्वारी टाका, मंग लेकरू ठेवा. तोलाची नजर ज्वारीले लागन. मंग ते ज्वारी देऊन टाका गाईले."

मी आधी चिडलेच. अंधश्रद्धा घालवायला आलेल्या बाईनंच असे उतारे करायचे का! पण कोरी वही डोळ्यांसमोर होती. ज्वारी टाकली, आणि त्या दिवशी अकरा लेकरं तोलून झाली. वजनातून दाण्यांचं वजन वजा करायचं तेवढं लक्षात ठेवावं लागे. तपासणीला आलेल्या साहेबांनी झोळीतले दाणे बघून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा काटा हलू नये म्हणून, असं सांगून मी वेळ मारून नेली.

अमडापूरला एक कापडाचे व्यापारी होते, गोविंदशेठ. त्यांची तऱ्हा उलटी. मी सांगेन ते शब्द न शब्द पाळणारं असं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही. आमच्या पत्रकात लिहिलेलं होतं की बाळाला घड्याळाप्रमाणे दर तीन तासांनी पाजावे, मध्ये रडले तरी पाजू नये. आज कोणी असं म्हटलं तर मी त्याला दारातूनच परत पाठवीन, पण तेव्हा ते नवं शास्त्र होतं आणि मी ते ठासून सांगायची. शेठनी त्यासाठी भिंतीवरचं घड्याळ आणलं. पुढच्या फेरीला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या तान्ह्या लेकराचा रडून रडून घसा बसला होता, त्याच्या आईची चोळी दुधानं भिजली होती, ती भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होती, आणि शेठ घड्याळाखाली मांडी ठोकून बसले होते.

"बाई, तीनले पाजाचं हाय," ते मला म्हणाले. "अजून पावनेदोनच होऊन राह्यले."

बाहेर उन्हं कलली होती. घड्याळ बंद पडलेलं होतं. मी त्या पोरीला आधी लेकरू पदराखाली घ्यायला लावलं आणि मग शेठना घड्याळाला चावी द्यायला सांगितलं. ही गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना रंगवून सांगितली आणि हसवलं. बंद घड्याळ शेठचं असलं तरी ते कलम माझं होतं, हे मात्र सोयीनं सांगायचं राहून जाई.

आता अफूचं. कापूस फुटला की आमच्याकडे बाया सकाळीच वेचणीला जातात. ज्यांच्या घरी सासू-नणंद आहे त्यांचं बरं असतं. ज्यांच्या घरी कोणी नाही त्या बाळाला राईच्या दाण्याएवढी अफू दुधात घासून चाटवत. बाळागोळी म्हणत तिला. लेकरू दिवसभर निजून राही. भूक लागत नाही म्हणून पीत नाही, पीत नाही म्हणून वाळतं, आणि एखादे दिवशी दाणा चुकून मोठा झाला तर उठतच नाही. अफूचं दुकान उघड होतं, सरकारी परवान्याचं. ज्या सरकारच्या परवान्यानं अफू विकली जाई त्याच सरकारची नोकर होऊन मी अफू देऊ नका म्हणून गावोगाव सांगत होते. यात काही चमत्कारिक आहे असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं, मलासुद्धा नाही.

सगुणा देऊळघाटचीच. वय अठरा-एकोणीस. नवरा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर एकाच मालकाकडे राबणारा. तो उजाडायच्या आत शेतात जाई. घरात तिसरं माणूस नाही. मुलगी मैना दहा महिन्यांची. मैनाला झोळीत ठेवलं तेव्हा ती जागी झाली नाही. पापणी उघडून पाहिली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, म्हणजे अफूच. मागच्या महिन्यापेक्षा वजन घटलेलं. मी सगुणेला विचारलं तर तिनं नाकारलं नाही, नुसती मान खाली घातली.

माझं डोकं फिरलं. महादेवाच्या देवळासमोर त्या दिवशी बऱ्याच बाया जमल्या होत्या, पाटीलही होते. मी मैनाला उचलून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, "बघा, ही आई आहे का वैरीण?" आणखीही बोलले. सगळं लिहीत नाही. मग मला एक कल्पना सुचली, आणि ती सुचली म्हणून मी स्वतःवर खूश झाले. आपल्याकडे देवाच्या पायरीवर उभं राहून तळहातावर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन माणूस जे बोलतो ते मोडत नाही. मोडलं तर ज्याच्या नावानं उचलला त्याचा घात होतो, ही पक्की समजूत. बांधाच्या भांडणात पंच शेवटचा उपाय म्हणून तो उचलायला लावत. मी म्हटलं, नागपूरचं पत्रक हिच्या डोक्यात शिरणार नाही, हे शिरेल.

मीच वाक्य सांगितलं आणि सगुणेनं मैनाच्या डोक्यावर डावा हात ठेवून ते म्हटलं: "आजपासून माह्या लेकीले अफू देनार नाही. कोनाच्या हातानं देऊ देनार नाही." हे दुसरं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं, शेजारणीकडून चाटवण्याची पळवाट राहू नये म्हणून. महिन्याच्या अहवालात मी लिहिलं की स्थानिक रूढीचा उपयोग करून एका मातेचे मन वळवले. वरून शाबासकीचा शेरा आला.

खालाला हे कळलं तेव्हा ती मला गाडीपाशी गाठून म्हणाली, "बाई, आदत अशी एका दिवशी नाही तोडत. राईची अर्धी, मंग खसखशीएवढी, मंग बंद. अन ते पोरगी दिवसभर जागी राह्यली त पाहीन कोन तिच्याकडे?"

"आई बघेल," मी म्हणाले. "दुसरं कोण बघणार?"

खालानं माझ्याकडे पाहिलं आणि ती गाडीपासून बाजूला झाली.

पहिला आठवडा मैनाला जुलाब झाले, ती रात्रंदिवस रडली. सगुणा वेचणीला गेली नाही. दुसऱ्या आठवड्यात पोरगी हुशारली, रांगायला लागली, दिसेल ते तोंडात घालायला लागली. मी जाऊन वजन केलं, वाढलं होतं. मी सगुणेची पाठ थोपटली. ती म्हणाली, "मालक बोलावून राह्यला बाई." मी म्हणाले, "लेकराची काळजी घे," आणि पुढच्या घराला गेले. एका वाक्यात ती मला तिची अडचण सांगत होती आणि मी तिला पत्रकातलं कलम परत केलं.

तिसऱ्या आठवड्यात कापूस एकदम फुटला आणि मालकानं उद्यापासून ये, नाहीतर येऊच नको, असं सांगितलं. आधीच्या वर्षी शेतात झाडाला झोळी बांधून ठेवलेलं एक मूल मुंग्यांनी फोडून काढलं होतं, म्हणून तो मालक लेकरं शेतात आणू देत नसे. सगुणेनं जुन्या लुगड्याचा पट्टा मैनाच्या कमरेला बांधला, दुसरं टोक घराच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला बांधलं, जवळ भाकरीचा तुकडा आणि पाण्याची वाटी ठेवली, दाराला कडी घातली आणि गेली. अफूची पुडी घरातच होती, वळचणीला खोचलेली. ती तिनं काढली नाही.

पट्टा हातभर जास्त लांब होता. चुलीत राखेखाली निखारा होता; संध्याकाळी पुन्हा पेटवायला सोपं जावं म्हणून आपण सगळ्याच ठेवतो तसा.

मी दुपारी गावात पोचले तेव्हा शेजारणीनं कडी काढून पोरीला बाहेर आणलं होतं. उजवा हात मनगटापर्यंत भाजला होता. कोणीतरी वर मध चोपडला होता. तेवढ्यात सगुणा शेतातून पळत आली. कमरेच्या ओटीत वेचलेला कापूस तसाच भरलेला, धावताना वाटेवर सांडत आलेला. तिनं आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "बाई, म्या अफू देल्ली नाही."

पहिलं वाक्य हे. पोरीचा हात जळालेला, आणि ती माझ्यापुढे स्वतःची साक्ष देत होती. इतक्या वर्षांनंतरही ते आठवलं की मला मान वर करवत नाही.

तिला आणि मैनाला गाडीत घालून मी बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात धुऊन पट्टी बांधली आणि एक लहानशी बाटली दिली. दुधातून एकेक थेंब, दिवसातून चार वेळा. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "हाताचं पुढं बघू. एवढ्या लहान जिवाला दुखण्यानं झोप आली नाही तर ते दूध सोडतं, आणि दूध सोडलं तर दोन दिवससुद्धा काढत नाही. थेंब चुकवू नका." दवाखान्यात राहायला सगुणा तयार होईना. तिची आई तिथंच वारली होती. संध्याकाळी आम्ही परतलो. वाटेत तिनं बाटलीचं बूच काढून वास घेतला, बूच परत लावलं आणि ती माझ्या हातात दिली. मला वाटलं, दमली आहे. मी ती तिच्या घरी कोनाड्यात ठेवून आले.

सकाळी गेले तर बाटली तिथंच, तशीच भरलेली. मैना रडत होती, पण आवाज उरला नव्हता, नुसतं तोंड उघडत होतं. ओठ कोरडे पडले होते. रात्रभरात घोटभरही दूध पोटात गेलं नव्हतं. खाला तिच्या पायथ्याशी बसली होती.

"थेंब का नाही दिला?" मी ओरडले.

"अफू हाय थ्यात," सगुणा म्हणाली. "मले वास मालूम हाय."

"अगं, ते औषध आहे. डॉक्टरांनी मोजून दिलंय. मी सांगते ना!"

"तवाही तुम्हीच सांगतलं होतं, बाई. बेलभंडारा तुम्हीच उचलाले लावला, तिच्या डोक्यावर हात ठेवून. हात गेला तिचा. आता जीवही घेऊ काय मी?"

"बरं, तू देऊ नको. मी माझ्या हातानं देते."

तिनं मैनाला छातीशी घट्ट धरलं आणि मागे सरकली. "'कोनाच्या हातानं देऊ देनार नाही' असं म्हनलं म्या. थे पन तुम्हीच म्हनाले लावलं."

पळवाट राहू नये म्हणून मीच ती बुजवली होती, आणि आता पोरीला वाचवायला माझ्याजवळ वाट नव्हती. जबरदस्तीनं पोर हिसकावून घ्यावी असंही मनात आलं. पण नंतर चार वेळा, रोज, कोण हिसकावणार होतं?

खाला म्हणाली, "गाठ तुम्ही मारली, बाई. तिच्यानं नाही सुटत थे. तुम्हीच सोडा."

"कशी सोडू?"

"जिथी मारली तिथी. त्याच लोकाईसमोर."

खरं लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहिते. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की पाटलासमोर, त्या बायांसमोर मी माझे शब्द गिळले तर उद्यापासून माझं कोण ऐकणार? अहवालातल्या त्या शेऱ्याचं काय? समोर लेकरू तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि मी माझ्या अब्रूचा हिशेब घालत उभी होते. किती वेळ, ते आठवत नाही. थोडा असेल. पण उभी होते.

मग मी बरं म्हणाले. खाला स्वतः घरोघर जाऊन बायांना देवळाकडे घेऊन आली आणि आपण पायरीखाली उभी राहिली. पाटील आले. सगुणा मैनाला घेऊन एका कडेला. गुरवानं माझ्या हातावर बेलाचं पान आणि भंडारा ठेवला. बोलायला तोंड उघडलं तर माझी नागपूरची जीभ कुठं गेली कोण जाणे, मेहकरचीच बाहेर आली.

"हा बेलभंडारा सगुणीचा नोहे, माहा हाय. म्या तिले अफू सोड म्हनलं, पन सोडल्यावर लेकरू कुठी ठेवाचं थे सांगतलं नाही. इचारलंही नाही. तिनं आन पाळली. चूक माही झाली. आजपासून हे आन माह्यावर. काही व्हाचं असन त माहं होवो, या लेकराचं नको."

कोणी हसलं नाही. सगुणा पुढे आली. माझ्या तळहातावरचा भंडारा तिनं बोटानं उचलला, मैनाच्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "द्या आता."

पहिला थेंब तिथंच पायरीवर चमच्यातल्या दुधातून दिला. थोड्या वेळानं मैनाचे डोळे मिटले. दुपारी जागी झाली आणि आईच्या अंगावर प्यायला लागली. मी भिंतीकडे तोंड करून रडले. जखम भरायला पुष्कळ दिवस लागले आणि दोन बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. थेंब कमी कमी करत बंद केले, ते मात्र खालाच्या सांगण्याप्रमाणे.

मग मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. घरात कोणी नाही अशा बायांनी वेचणीला जाताना लेकरं ठेवायची कुठं? खाला म्हणाली, "माह्या आंगनात ठेवा." अंगणाला चारही बाजूंनी भिंत होती, चूल आतल्या बाजूला. पाण्याचा प्रश्न निघाला. मुसलमानाच्या घरचं पाणी लेकराला कसं पाजायचं, असं काही जणी दबक्या आवाजात म्हणाल्या. मला राग आला. खालाला आला नाही. "तांब्या तुमचा ठेवा," ती म्हणाली, "ध्यान माहं राहीन." पाच तांबे भिंतीशी ओळीनं लागले, प्रत्येकाला ओळखीचा वेगळा दोरा. हे काम अहवालाच्या कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळेना, म्हणून मी ते लिहिलंच नाही.

त्यानंतर मी कुठल्याही गावात 'असं करा' म्हणून सुरुवात केली नाही. सुलतानपूर असो की अमडापूर, ओट्यावर बसायचं आणि आधी विचारायचं: उठल्यापासून निजेपर्यंत काय काय करता, लेकरू तेव्हा कुठं असतं? बाया सांगू लागत. अर्धा सल्ला त्यांच्याच तोंडून निघे, आणि उरलेल्यातला कुठला पाळणं त्यांना जमणारच नाही ते मला कळे. तरुण आईबापांना मला एवढंच सांगायचं आहे, की तुम्हाला कोणी मुलाबद्दल सल्ला दिला, मी दिला तरीसुद्धा, तर आपला दिवस त्याच्यासमोर मांडा. त्या दिवसात बसत नसेल तर तसं तोंडावर सांगा. सगुणेनं मला सांगायचा प्रयत्न केला होता, मीच ऐकलं नाही.

अंगणात लेकरं ठेवायची ठरली त्याच्या पहिल्याच दिवशी सकाळी खालाला शेजारच्या वाडीवरून बाळंतपणाचं बोलावणं आलं. मी म्हणाले, जा तुम्ही, मी आहे. सगुणा सगळ्यांच्या शेवटी आली. खाला दिसेना, तेव्हा दारातच थांबली. मी सांगितलं की आज मीच बघणार आहे. तिनं मैनाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती वेचणीला गेली.

मला मूल झालं नाही. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि मग मी नागपूरला शिकायला गेले. लेकरं हाताळली शेकड्यांनी, पण प्रत्येक पाव तास. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकही नाही. त्या दिवशी पाच होती. एकानं माती खाल्ली, एकानं दुसऱ्याचा कान चावला, एक पायरीवरून पडता पडता वाचलं. मैनाच्या हाताला पट्टीखाली खाज सुटली होती. ती दुपारपासून जी रडायला लागली ती थांबेचना. मांडीवर घेतली, खांद्यावर घेतली, गाणं म्हटलं, अंगणात येरझारा घातल्या. माझं डोकं ठणकायला लागलं, हात भरून आले, आणि कोपऱ्यात माझी पेटी होती. डॉक्टरांची बाटली संपली नव्हती. थेंब बंद केल्यावर मी ती परत घेऊन पेटीत ठेवली होती. एक थेंब. औषधच तर होतं ते, डॉक्टरांनीच दिलेलं. कोणाला कळलंही नसतं. मी पेटी उघडली. बाटली हातात घेतली, बूचही काढलं. तो वास आला, आणि मी बूच लावून पेटी बंद केली.

संध्याकाळी सगुणा आली. तिच्या ओटीत आज कापूस नव्हता, मालकाकडे टाकून आली होती. मैना रडून रडून नुकतीच झोपली होती. माझा अवतार बघून सगुणेनं विचारलं, "लय तरास देल्ला काय, बाई?"

एरवी मी म्हणाले असते, छे गं, लेकराचा कसला त्रास. म्हणाले, "हाव. लय." आणि मग जे कोणाजवळ बोलायचं नाही असं दुपारीच ठरवलं होतं, ते तिलाच सांगून बसले. "सगुणे, माझा हात त्या बाटलीवर गेला होता."

मला वाटलं, ती संतापेल. संतापायचा हक्क तिलाच होता. तिनं वाकून मैनाला माझ्या मांडीवरून उचललं, भाजलेला हात जपून वर घेतला, पदराखाली झाकला.

"माहा त रोजच जाये, बाई," ती म्हणाली.